पेटी जवळ घ्या, मग जॅझ लावा

मी परभणीकडचा. चुलते पखवाजी, त्यामुळं लहानपणी सप्ताहात रात्र-रात्र भजन ऐकलेलं. पुढं औरंगाबादला कॉलेजात आल्यावर शास्त्रीय गाण्याचा नाद लागला. जॅझ त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि तेही मी चुकीच्या टोकाकडून धरलं. कुठूनशी 'शंभर श्रेष्ठ रेकॉर्डीं'ची यादी मिळवली, १९२५ सालापासून क्रमानं ऐकायला बसलो आणि विसावी येईपर्यंत दमून थांबलो. खरखर तेवढी ऐकू यायची.

अडचण यादीत नव्हती, माझ्या कानाच्या सवयीत होती. आपला कान तानपुऱ्यावर पोसलेला. षड्ज एकदा लागला की मैफल उठेपर्यंत तो जागचा हलत नाही. गायक कुठंही भटकून आला तरी घर तिथंच असतं. जॅझमध्ये घरच हलतं. आत्ता ज्याला सा म्हटलं तो दोन ओळींनंतर सा राहिलेला नसतो, आणि वाजवणाऱ्यांना त्याचं काहीच वाटत नाही. आपलं मात्र एस्टीत उभ्यानं चाललेल्या माणसासारखं होतं, ड्रायव्हरनं वळण घेतलं की गेला तोल.

म्हणून खालचा क्रम सालवार नाही. सा कमीत कमी हलतो तिथून सुरुवात, मग जास्त हलणाऱ्या रेकॉर्डी, आणि शेवटी जिथं सा असा धरूनच बसलेला नाही तिथं. एका रेकॉर्डीला किमान पंधरा दिवस द्या. वर्षभरात वीस झाल्या तरी पुष्कळ.

आधीची तयारी

एक पेटी लागेल. नसली तर मोबाइलवरचं पियानोचं ॲप चालेल, पण पट्ट्यांची आपली भाषा पेटीवरची आहे, पांढरी दोन, काळी एक, आणि मी तीच वापरणार आहे. दोन काळ्यांच्या जोडीला लागून डावीकडची पांढरी ती पांढरी एक, त्या जोडीतली पहिली ती काळी एक, तिथून उजवीकडं मोजत जा. वाजवता आली पाहिजे असं नाही, पट्टी सापडली की झालं.

रेकॉर्ड प्लेअर इतक्यात घेऊ नका. पहिले सहा महिने मोबाइलवरच ऐका. मात्र शफल बंद ठेवा आणि हेडफोन लावा, किंवा दोन बरे स्पीकर जोडा. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर बास, म्हणजे ते खर्जातलं मोठं तारवाद्य, ऐकूच येत नाही, आणि जॅझमध्ये ठेका बासकडं असतो. डग्गा काढून ठेवून तबला ऐकण्यातला प्रकार होतो तो. वेळ रात्रीची बरी. मे महिन्यात दुपारी कूलरच्या घरघरीत ब्रशनं वाजवलेला ड्रम ऐकू येईल ही आशा सोडा.

पहिली: 'काइंड ऑफ ब्लू'

ट्रंपेटवाला माइल्स डेव्हिस, १९५९. प्रत्येक यादीत हिचं नाव असतं म्हणून काही जाणकार नाक मुरडतात. मुरडू द्या. आपल्या कानासाठी यापेक्षा चांगलं दार नाही, कारण माइल्सनं इथं सुरांची भराभर बदलणारी मांडणी बाजूला ठेवून थाटासारख्या एकेका सप्तकात निवांत रमायचं ठरवलं होतं.

पेटीवर पांढरी दोनला सा धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवत वरच्या पांढरी दोनपर्यंत जा. गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. काफी थाट झाला. आता 'सो व्हॉट' लावा. पहिला अर्धा मिनिट पियानो आणि बास ताल न धरता काहीतरी चाचपत असतात, आलाप म्हणा हवं तर. मग बासवर प्रश्नासारखी एक लकेर येते आणि बाकीचे दोन ठोक्यांत तिला उत्तर देतात. तुमच्या पांढऱ्या पट्ट्या या सगळ्याशी जुळतील. चार मात्रांचा एक बार. असे १६ बार, म्हणजे ६४ मात्रा, तुम्ही काफीत आरामात आहात. १७व्या बारला पेटी एकदम बेसूर होते.

तुमचं काही चुकलेलं नाही. सा काळी दोनवर गेला. सगळा थाट जसाच्या तसा उचलून अर्धा सूर वर ठेवलाय. आठ बार तिथं राहतो, मग खाली पांढरी दोनवर उतरतो, आणखी आठ बार. झाले ३२ बार, १२८ मात्रा, एक आवर्तन. पुढं नऊ मिनिटं हेच चक्र. वर कोण काय वाजवतो तेवढं बदलतं.

दीड मिनिटाच्या आसपास मुखडा संपून माइल्सचा ट्रंपेट एकटा पुढं येतो. नेमका तेव्हाच ड्रमवर बसलेला जिमी कॉब झांजेवर एक घाव घालतो आणि त्याचा नाद ट्रंपेटच्या पहिल्या सुरांमागं बराच वेळ तरंगत राहतो. समेवर मान हलवणाऱ्या माणसाला हा घाव समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी मिटवून ठेवा. सा उचलला गेला की बोट वर करा, उतरला की खाली. मला पाच-सहा रात्री लागल्या. माइल्स जागा सोडत वाजवतो, त्याच्या वेळी सोपं जातं. त्याच्यामागून जॉन कोल्ट्रेन सॅक्सोफोन घेऊन येतो तेव्हा बोट हटकून चुकतं. सुरांची झोड उठवतो तो.

दुसऱ्या बाजूवरचं 'ऑल ब्लूज' पांढरी पाचवर घ्या. बरंचसं खमाज थाटात आहे आणि चाल सहा मात्रांची. दादरा मात्र शोधू नका, वजन वेगळं आहे.

ही रेकॉर्ड घेताना एक पाहा. मी आधी जुनी प्रत घेतली होती. पहिल्या बाजूशी पेटी काही केल्या जुळेना. मला वाटलं पेटीच उतरली. पेटी दुरुस्त करणाऱ्याकडं नेली, त्यानं सगळे सूर तपासले आणि 'काहीच झालं नाही हिला' म्हणून परत दिली. खरी भानगड १९५९ची. २ मार्चच्या ध्वनिमुद्रणाला टेपचं यंत्र किंचित हळू फिरत होतं, त्यामुळं नेहमीच्या वेगानं वाजवल्यावर पहिल्या बाजूची तिन्ही गाणी चढी लागायची, आणि कित्येक वर्षं तशीच विकली गेली. १९९०च्या दशकातल्या नव्या आवृत्त्यांपासून ती दुरुस्त झाली. दुसरी बाजू २२ एप्रिलची, तिला हा आजार नव्हता. तेव्हा इथं जुन्या प्रतीचा हट्ट धरू नका.

दुसरी: 'मोनिन''

ड्रमवाला आर्ट ब्लेकी आणि त्याचा चमू जॅझ मेसेंजर्स, ऑक्टोबर १९५८चं ध्वनिमुद्रण. रूडी व्हॅन गेल्डर हा माणूस तेव्हा दिवसा लोकांच्या चष्म्यांचे नंबर काढायचा आणि फावल्या वेळात न्यूजर्सीत आईवडिलांच्या घराच्या बैठकीत रेकॉर्डिंग करायचा. ब्लू नोट कंपनीच्या कितीतरी रेकॉर्डी त्या बैठकीतल्या आहेत. ही त्यांतलीच.

हे मी घरी लावलं तेव्हा चुलते दवाखान्याच्या कामासाठी आमच्याकडं मुक्कामाला होते. पियानो एक ओळ म्हणतो, बाकीचे सगळे मिळून दोन सुरांत होकार देतात. परत ओळ, परत होकार.

"काय वाजवायलास रे हे?"

"अमेरिकेतलं आहे, काका. जॅझ म्हणतात."

थोडं ऐकून म्हणाले, "हे तर धृपद धरायलेत की. म्हणणारा एक, धरणारे बाकीचे."

बॉबी टिमन्स या पियानोवाल्यानं बांधलेली ही चीज, आणि तिच्यात काळ्या लोकांच्या चर्चमधली सवाल-जवाबाची धाटणी आहे, हे मी त्यांना नंतर सांगितलं. काकांना त्याची गरज नव्हती. त्यांनी मांडीवर ताल धरला होता आणि कपाळाला आठी पडली होती. "उलटं धरलंय ह्यांनी." बरोबर पकडलं होतं. आपण पहिल्या मात्रेवर टाळी देतो. जॅझमध्ये टाळी पडते दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. ड्रमवाल्याच्या पायाखालच्या दोन झांजा तिथंच मिटतात. पहिले काही दिवस गाण्याबरोबर मुद्दाम दोन-चारवर टाळी द्या. अंगात भिनायला वेळ लागतो, भिनलं की परत 'सो व्हॉट' ऐका, वेगळंच वाटेल.

तिसरी: 'टाइम आउट'

डेव्ह ब्रूबेकची चौकडी, पुन्हा १९५९. तालाची गंमत म्हणून घ्या. 'टेक फाइव्ह' पाच मात्रांचं, तीन अधिक दोन असं मोजा. झपतालाचं अर्धं आवर्तन उलटं करून ठेवल्यासारखं. चाल सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडची आहे, ब्रूबेकची नव्हे. 'ब्लू राँडो' नऊ मात्रांचं, दोन-दोन-दोन-तीन. हा ताल ब्रूबेकनं १९५८च्या दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर वाजवणाऱ्यांकडून उचलला. त्याच दौऱ्यात तो भारतातही येऊन गेला होता. रेकॉर्ड गोड आहे आणि लवकर संपते. माझ्या मते या यादीतली सर्वांत हलकी हीच, पण घरच्यांना जॅझची सवय लावायला हिच्यासारखी दुसरी नाही.

चौथी: 'अ लव्ह सुप्रीम'

आता जरा सरसावून बसा. ९ डिसेंबर १९६४ला एका बैठकीत कोल्ट्रेननं चार भागांचं हे काम वाजवलं. साधारण ३३ मिनिटं. देवाच्या कृपेनं आपल्याला आतून जाग आली, त्याचे हे आभार, अशा अर्थाचं त्यानं स्वतःच वेष्टनावर लिहून ठेवलंय.

पहिल्या भागात बास चार सुरांचा एक तुकडा धरतो आणि सोडतच नाही. वर कोल्ट्रेन वाजवत राहतो. शेवटाकडं तो स्वतः ते चार सूर घेतो आणि फिरवायला लागतो, एका सा-वरून, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, असे बाराच्या बारा. इथं मी पेटी बाजूला ठेवली. तुकडा तोच, सा मात्र सारखा बदलतोय. आणि हे सगळं झाल्यावर तेच चार सूर माणसाच्या आवाजात येतात, 'अ लव्ह सुप्रीम, अ लव्ह सुप्रीम', संथ, जवळजवळ पुटपुटल्यासारखे. सप्ताहाच्या शेवटच्या रात्री तीन वाजता, अर्धी माणसं पेंगलेली असताना नामजप चालू असतो, तो ज्यानं ऐकलाय त्याला हा आवाज ओळखीचा वाटेल. माझ्यासाठी हलता सा भीतीचा राहिला नाही तो इथून.

चौथा भाग ऐकताना रेकॉर्डीच्या वेष्टनावरची कोल्ट्रेनची प्रार्थना समोर ठेवा. सॅक्सोफोनवर तो तीच, शब्दाला शब्द धरून, वाजवतो. एवढ्यासाठी तरी ही रेकॉर्ड मोबाइलवर ठेवू नका, विकतच घ्या. त्याच्या मुलाचं नाव रवी. रविशंकरांवरून ठेवलेलं.

मधला विसावा

गळ्याचं ऐकायचं असेल तर 'एला अँड लुई', १९५६. एला फिट्झजेराल्डचा लोण्यासारखा आवाज आणि लुई आर्मस्ट्राँगचा खडीवरून बैलगाडी गेल्यासारखा. भांडण कुठंच नाही. बिली हॉलिडे मात्र रात्री एकट्यानं ऐका. 'लेडी इन सॅटिन' १९५८ची, आवाज पार झिजलेला, आणि त्यातच सगळं आहे.

पाचवी पायरी: बारा बार

आता मागं चला, १९२८मध्ये. ज्या खरखरीला मी भिऊन पळालो होतो तीच. आर्मस्ट्राँगचं 'वेस्ट एंड ब्लूज', जेमतेम सव्वातीन मिनिटांचं. सुरुवातीला ट्रंपेट एकटाच ताल सोडून एक तान घेतो. ती तान ऐकून कित्येकांनी ट्रंपेट हातात धरला.

त्यानंतर जे येतं ते बारा बारांचं ब्लूज, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या जुन्या गाण्यांचा साचा. पेटीवर सा काळी दोन, मध्यम काळी चार, पंचम काळी पाच. ढोबळ हिशेब असा: पहिले चार बार सा, पुढचे दोन मध्यम, दोन परत सा, मग पंचम आणि मध्यमाची ये-जा होऊन शेवटी सा. जुन्या मुद्रणात पट्टी थोडी इकडंतिकडं असेल, कानानं जुळवून घ्या. हे ४८ मात्रांचं आवर्तन पाठ झालं की अर्धाअधिक जॅझ कुठं चाललाय ते कळायला लागतं.

पाठ झालं की नाही याची परीक्षा ड्यूक एलिंग्टनच्या बँडकडं. ७ जुलै १९५६, न्यूपोर्टचा महोत्सव, रात्र बरीच झालेली. 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू'च्या मध्यावर पॉल गॉन्साल्व्हिस सॅक्सोफोन घेऊन उठतो आणि याच बारा बारांची २७ आवर्तनं सलग वाजवतो. मोजत बसा. पंधराच्या पुढं लोक आरडाओरडा करतात, मोजणी हुकते, पुन्हा पहिल्यापासून. ही घेताना १९९९ची दोन सीडींची आवृत्तीच घ्या. १९५६ला 'प्रत्यक्ष मैफल' म्हणून जी रेकॉर्ड विकली गेली तिचा बराच भाग नंतर स्टुडिओत वाजवून वर टाळ्या चिकटवलेल्या होत्या. खरी मैफल ऐकायला लोकांना ४३ वर्षं थांबावं लागलं.

आर्मस्ट्राँग आणि त्याच्यानंतरचा सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर, दोघांचंही महत्त्वाचं काम एलपी, म्हणजे बरीच गाणी मावणारी मोठी तबकडी, यायच्या आधीचं. एलपी आली १९४८ला. त्याआधी तीन मिनिटांच्या सुट्या तबकड्या असायच्या. त्यामुळं यांचा 'मूळ अल्बम' शोधू नका, संकलनं घ्या. आर्मस्ट्राँगचं हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन या त्याच्या चमूंचं, पार्करचं सॅव्हॉय आणि डायल कंपन्यांचं.

सहावी: जिथं सा पळतो

'जायंट स्टेप्स'. कोल्ट्रेननं हे मे १९५९मध्ये वाजवलं, 'काइंड ऑफ ब्लू'चं काम संपल्यावर महिन्याभराच्या आत. तिथं तो एकाच सा-वर सोळा-सोळा बार बसत होता, आणि इथं सा पांढरी सात, पांढरी पाच आणि काळी दोन अशा तीन घरांत पळतोय, काही ठिकाणी दोन-दोन मात्रांना सूरमेळ, म्हणजे एकदम दाबलेल्या सुरांचा जुडगा, बदलतोय. पेटीवर पाठलाग करून पाहा, एकदा हसायला तरी येईल. टॉमी फ्लॅनगनसारखा कसलेला पियानोवाला यात अडखळलाय आणि ते रेकॉर्डीत स्पष्ट ऐकू येतं. त्यानं वाजवता वाजवता सुटे सूर सोडून नुसते मेळ धरलेत. मला त्याचा तो भाग फार आवडतो. नव्या ऐकणाऱ्याला धीर देणारा आहे.

यानंतर ही चार कुठल्याही क्रमानं:

'मिंगस आह अम', चार्ल्स मिंगस, १९५९. राग, चर्चमधला आरडाओरडा आणि सॅक्सोफोनवाला लेस्टर यंग गेला त्याच्यासाठीचा विलाप, सगळं एकाच रेकॉर्डीत.

'ब्रिलियंट कॉर्नर्स', थेलोनियस मंक. पियानोवर मुद्दाम अडखळणारा माणूस. रेकॉर्डीच्याच नावाचं गाणं इतकं अवघड निघालं की २५ वेळा वाजवूनही एकदा धड पूर्ण होईना, शेवटी तुकडे जोडून केलं.

'वॉल्ट्झ फॉर डेबी', पियानोवाल्या बिल एव्हन्सची तिकडी. २५ जून १९६१चा रविवार, न्यूयॉर्कमधला एक छोटा क्लब, मागं ग्लासांची किणकिण. बास वाजवणारा स्कॉट लाफारो अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला, २५ वर्षांचा होता. त्याचा बास ठेका धरत नाही, पियानोशी बोलतो.

'द शेप ऑफ जॅझ टू कम', ऑर्नेट कोलमन, पुन्हा १९५९. प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन, पियानो नाही, आणि सुरांचं ठरलेलं चक्रही नाही. सा जिकडं वाजवणारा जाईल तिकडं. गंमत अशी की इतक्या रेकॉर्डीनंतर हे आपल्याला गोऱ्या श्रोत्यांपेक्षा सोपं जातं. 'लोनली वूमन' ऐका.

आपल्याकडचा कप्पा

'रागा-जॅझ स्टाइल', शंकर-जयकिशन, १९६८, सतारीवर रईस खान. अकरा राग. तोडी ओळखीचा आणि मागं ब्रास बँड, मजा येते, पण हा जॅझचा शेजारी समजा. 'शक्ती' या चमूची पहिली रेकॉर्ड जास्त खोल आहे, जॉन मॅक्लॉफलिनची गिटार आणि झाकीर हुसेनांचा तबला. जॉन कोल्ट्रेनची बायको ॲलिस कोल्ट्रेन, तिची 'जर्नी इन सच्चिदानंद', १९७१, तीत चक्क तानपुरा आहे. ती आधी ऐकण्याचा मोह होईल. शेवटी ठेवा. हलत्या सा-मधून फिरून आल्यावर तो तानपुरा वेगळा लागतो.

विकत घेताना आणि सांभाळताना

माझं मत सरळ आहे, मराठवाड्यात राहत असाल तर सीडी घ्या. परदेशातून आलेली नवी एलपी अडीच-तीन हजारांच्या खाली क्वचित मिळते, जुनी सीडी त्याच्या पाव किमतीत. औरंगाबादेत जाफरगेटच्या रविवार बाजारात मला जुन्या हिंदी एलपी मिळाल्या, जॅझ कधी नाही. त्यासाठी मुंबईचा चोरबाजार किंवा ऑनलाइन.

तरी एलपीच हवी असेल तर दोन-तीन गोष्टी. सुटकेससारखा दिसणारा स्वस्त प्लेअर नको, त्याची जड सुई रेकॉर्ड खरवडते. युरोपात जुन्या ध्वनिमुद्रणांचे हक्क संपल्यामुळं कुणीही छापलेल्या स्वस्त प्रती फिरतात, त्यांतल्या बऱ्याच सीडीवरून उतरवलेल्या असतात. मूळ कंपनीचं नाव आणि टेपवरून केल्याचा उल्लेख पाहून घ्या. बोअरच्या पाण्यानं रेकॉर्ड धुऊ नका. बादलीला बसतो तोच पांढरा थर खाचांत बसतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर गॅरेजवर मिळतं, ते वापरा. रेकॉर्डी उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, आणि पश्चिमेच्या भिंतीपासून लांब.

मार्च ते जून ऑनलाइन एलपी मागवूच नका. मंकची माझी प्रत एप्रिलमध्ये आली. आम्ही गावी गेलेलो, खोकं दोन दिवस ओट्यावर उन्हात पडून राहिलं. आता ती वाजताना दर फेऱ्याला सुई एक टेकाड चढते आणि उतरते, अन् पियानो हेलकावतो. काकांनी ती ऐकली तेव्हा त्यांना वाटलं हा माणूस वाजवतोच असा. मी अजून खुलासा केलेला नाही, कारण निम्मं खरंच आहे ते.